कुणाचा जावई?

जांभूळदऱ्याच्या बायकांना बीड जिल्ह्याचा नकाशा शाळेत कुणी शिकवला नाही. तो त्यांनी लेकी देऊन देऊन पाठ केला. गेवराईला दिलेली लेक कापसाच्या दिवसांत माहेरी येत नाही, आणि आली तर तिच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे असतात. माजलगावकडं धरणाचं पाणी, म्हणून तिकडच्या व्याह्यांच्या बोलण्यालाही थोडी ओल असते. धर्मापुरीकडं जुनं देऊळ, काळी जमीन आणि देवळाइतकीच जुनी घमेंड. आष्टी-कड्याकडं दूध आणि कांदा. तिकडची माणसं बोलायला कोरडी, पण पाव्हण्याच्या चहात दूध सढळ घालतात. आणि कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीच्या घरी दिलेली लेक दिवाळीपासून पाडव्यापर्यंत कुठल्या कारखान्याच्या फडात आहे, हे तिच्या आईला विचारू नये. तिचं पीठ मळणं थांबतं.

हा नकाशा गावात सगळ्यात पक्का होता सावित्रीबाईंना. कुणाची कितवी लेक कुठं दिली, तिथली सासू कशी, जावई कुठल्या कारणानं रुसतो आणि कशानं हसतो, हे त्यांना तोंडपाठ. अर्जुनरावांची बायको म्हणून गावात त्यांना मान होता. पण बायका त्यांच्या ओट्यावर हरभरा निवडायला येत त्या मानासाठी नाही, या हिशोबासाठी येत. सावित्रीबाई बोलता बोलता एखाद्या व्याह्याची अशी हजामत करत की त्याची सून त्यांच्याच ओट्यावर बसून पदरात तोंड लपवून हसे.

धुळवड जवळ आली की या हिशोबाला धार चढे.

केजकडच्या विडा गावात जावयाला गाढवावर बसवतात ते पेपरात येतं. जांभूळदऱ्यातही बसवतात, पण बालाघाटाच्या उतारावरच्या, सीताफळाच्या झुडपांत दडलेल्या या गावाकडं पेपरवाला कशाला येतोय. वीटभट्टीवरून गाढव आणायचं, गावच्या एका जावयाला हुडकून धरायचं, गळ्यात जुन्या चपलांची माळ घालायची आणि हलगीच्या तालावर गावभर मिरवायचं. शेवटी मारुतीच्या देवळापुढं उतरवून त्याला अंघोळ, नवे कपडे, फेटा. एकदा बसला तो कायमचा सुटला. पुढं तो म्हातारा होईस्तोवर त्याला कुणी हात लावत नाही.

इथवर विडा आणि जांभूळदरा सारखेच. पण जांभूळदऱ्याची एक रीत आणखी आहे. प्रत्येक कोपऱ्यावर गाढव थांबतं, हलगी थांबते आणि म्होरक्या ओरडून विचारतो, "कुणाचा जावई?" तेव्हा सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लेकीचं घ्यायचं असतं. सगळ्या गावानं, एका दमात. वर्षभर जी कुणाची तरी लेक आणि कुणाची तरी सून म्हणून खपते, तिचं नाव त्या दिवशी पांढऱ्या मातीच्या भिंतींवर आपटून डोंगरापर्यंत जातं. बायका वरून म्हणतात, काय बाई हा धिंगाणा. आतून प्रत्येकीला आपल्या नवऱ्यानं एकदा तरी सापडावं असं वाटतं.

जावई मात्र होळीच्या आठ दिवस आधीपासून गायब. कुणाचा फोन बंद, कुणाची गाडी कारखान्याच्या रांगेत अडकलेली, कुणाची म्हैस नेमकी तेव्हाच व्यायलेली. त्यांना हुडकायचं काम हनुमानचं. हनुमान चौसाळ्याच्या फाट्यावर पंक्चर काढतो, त्यामुळं कुणाची मोटारसायकल कुठं वळली हे तिच्या मालकाच्या बायकोच्या आधी त्याला कळतं.

या हनुमानच्या हाती जो कधीच लागला नाही तो एकच जावई. सावित्रीबाईंचा. कड्याजवळचा जीवन, दूध संकलन केंद्रावर फॅट लावणारा, म्हणजे दुधाचा कस तपासणारा, काडीसारखा, बोलायला भित्रा.

तो चपळ होता असं नाही. त्याला लपवणारी चपळ होती. तेजश्री, सावित्रीबाईंची एकुलती लेक. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला तिनं नवऱ्याला कडब्याच्या गंजीत घातलं. पुढच्या साली लुगडं नेसवून, डोक्यावर पदर ओढून चुलीपुढं बसवलं, आणि हनुमानची टोळी आली तर म्हणाली, "मावशी आल्यात, ऐकू येत न्हाई त्यांना." हनुमान त्या मावशीच्या पायाशी वाकून नमस्कार करून गेला. आणि ही तेजू नवऱ्याला लपवून झालं की स्वतः टोळीत घुसायची, हलगीपुढं नाचायची आणि सगळ्यांत मोठ्यानं विचारायची, "कुठं गेला गं माझा नवरा?" शेवटच्या साली जीवनला तिनं माजघरातल्या धान्याच्या रिकाम्या कणगीत उभं केलं होतं. हनुमान कणगीत हात घालणार, तेवढ्यात तिनं विंचू म्हणून अशी किंकाळी फोडली की हनुमान उंबऱ्याबाहेर. ते खोटं होतं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. फाट्यावर महिनाभर तो स्वतःच ती गोष्ट सांगून हसत होता.

त्याच साली भादव्यात तेजश्रीला ताप आला. साधा ताप म्हणून तीन दिवस गोळ्या घेतल्या. मग कड्याहून नगरला नेलं. नगरहून ती गेल्याचीच बातमी आली, तेव्हा सावित्रीबाईंच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती, आणि त्या दिवशी कुणी हरभरा निवडत नव्हतं.

पदरी लेकरू नव्हतं. त्यानंतरची पहिली होळी दुखवट्यात गेली. अर्जुनरावांनी लेकीचं नाव घ्यायचं टाकलं. फोटो भिंतीवर होता, पण बोलायची वेळ आली की ते "ती" म्हणत, आणि "ती" म्हणतानाही दुसरीकडं बघत.

ही दुसरी होळी.

धुळवडीच्या सकाळी सावित्रीबाई अंगणात सडा टाकत होत्या, तर फाटकात जीवन उभा. हातात खव्याचा पुडा, खांद्याला पिशवी. अंगावर धुतलेला पांढरा सदरा. धुळवडीला पांढरा सदरा घालून येणारा माणूस एक तर येडा असतो, नाहीतर नवखा.

"मामी," तो म्हणाला आणि वाकला.

"आज आलाव?" सावित्रीबाईंच्या हातातली बादली तशीच राहिली. "आजचा दिवस कोणता ते ठावं हाय का न्हाई?"

"ठावं हाय."

"चौसाळ्यावरून कुणाच्या गाडीवर आलाव?"

"चालत आलो. फाट्यावर हनुमान होता, गाढव उतरवून घ्यायलता. त्यानं बघितलं."

सावित्रीबाईंनी बादली खाली ठेवली. हनुमाननं बघितलं. म्हणजे आता तासाभरात हलगी दारात.

त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. चहा घेताना जीवननं कपाकडं बघत सांगितलं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. नकाशा तोंडपाठ असणाऱ्या बाईला अशी बातमी माणसाआधी पोचते. त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. पोरगी धर्मापुरीकडची. अक्षय तृतीयेची तारीख.

"माझी आई ऐकंना," तो म्हणाला. "मी न्हाई म्हनत व्हतो."

"न्हाई कावून म्हनावं? तुमचं वय काय." सावित्रीबाईंनी साखरेचा डबा उगाच पुसला. "पोरगी कशी हाय?"

"चांगली हाय."

"धर्मापुरीकडच्या चांगल्याच असत्यात. जरा नाकानं बोलत्यात, पन चांगल्या असत्यात."

जीवन हसला. त्याला हसवल्याचा सावित्रीबाईंना आनंद झाला आणि लगेच त्यांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. यंदा धोंड्याचा महिना. जेठात सगळ्या गावचे जावई सासुरवाडीला धोंडे खायला येतील. हा धर्मापुरीला जाईल. तिथली सासू त्याच्या ताटात वाढील, त्याला "जावईबापू" म्हणील. तोवर हा आपला. नंतर कुणाचा, हे विचारायला कुणी तोंड उघडणार नाही. आज मात्र विचारतील. आज हनुमान येईल, घर पालथं घालील, म्हणील, कुठं लपवला जावई, काकू? एकदा त्यानं तसं म्हटलं की झालं. म्हणजे गावाच्या हिशोबात जीवन अजून जांभूळदऱ्याचा जावई आहे.

"उठा," त्या म्हणाल्या. "लपायचं बघू. कडब्याच्या गंजीत जाताव का?"

"कणगीतच जातो, मामी."

"कणगी हनुमानला ठावं हाय की. तिथंच आदी हात घालील."

"असू द्या. मला तीच जागा बरी."

भित्र्या माणसाला ओळखीची जागा बरी वाटते, असा त्यांनी अर्थ लावला. जीवन कणगीत उतरला. ज्वारी आता प्लॅस्टिकच्या पोत्यांत राहते, कणगी नुसती कोपरा अडवून उभी. वरून बांबूचं झाकण ठेवताना सावित्रीबाईंनी बघितलं, त्यानं डोकं खाली घातलं नव्हतं. वर बघत होता.

बाहेर आल्या तर उंबऱ्यात त्याच्या चपला. अगदी समोर, दोन्ही जोडून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. "या माणसाला लपनं कधीच जमलं न्हाई," असं पुटपुटत त्यांनी त्या उचलून पोत्यामागं टाकल्या. तेजूनं पहिल्यांदा हेच केलं असतं. तेजूची एक एक युक्ती त्यांच्या हातात आपोआप उतरत होती. माजघराचं दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. कडी दिसली की संशय येतो. चुलीत ओलं लाकूड घातलं, धूर झाला की माणूस फार वेळ डोळे उघडे ठेवत नाही. मग पदर खोचून त्या ओट्यावर बसल्या आणि बोलायचं ठरवू लागल्या. हनुमान म्हणील, जावई कुठं? मी म्हणीन, कोन जावई, बाबा, तुझा का? तो म्हणील, फाट्यावर बघितला. मी म्हणीन, तुला पंक्चरीच्या पाण्यात बुडबुडं दिसत्यात तसा माणूस दिसला असंल.

हे त्यांना इतकं आवडलं की त्या एकट्याच हसल्या. दोन वर्षांत त्या ओट्यावर एकटं हसणं झालं नव्हतं.

हलगी वाजली. खालच्या आळीत. आवाज वर चढत चढत हापशापर्यंत आला. तिथून डावीकडं वळलं की अर्जुनरावांचं घर.

हलगी उजवीकडं वळली.

"उजव्या आंगानं येत आसतील," सावित्रीबाई स्वतःशी म्हणाल्या. आतून जीवन खोकला. त्यांनी दटावलं, "गप. खोकू नका." थोड्या वेळानं तो पुन्हा खोकला, आणि या खेपेला जरा मोठ्यानं.

हलगी मागच्या गल्लीला गेली. तिथं आरडाओरडा झाला, बायका हसल्या, कुणीतरी पळालं, कुणीतरी धरलं. मग गाढवाचा ओरडा. सावित्रीबाई ओट्यावरून उठून फाटकात गेल्या. एक हात फाटकाच्या एका खांबाला, एक दुसऱ्याला. घरात काहीतरी दडवलेली बाई जशी उभी राहते, अगदी तशा. कुणी बघितलं असतं तर लांबूनच ओळखलं असतं.

समोरून बायका गेल्या, अंगभर रंग. त्यांच्यात शिवकन्या होती, हनुमानची पुतणी, गेल्या मार्गशीर्षात लग्न झालेली. सावित्रीबाईंना बघून तिनं हातातली रंगाची मूठ मागं घेतली.

"काकू, बऱ्या हाव का?" ती हळूच म्हणाली.

"बरी हाय. कुणाला धरलं गं?"

शिवकन्या लाजली. "आमच्यांनाच. रात्रीच येऊन बसलते खुळे, कणसाच्या ढिगाऱ्याआड." आणि मग तिला कळलं की आपण लाजायला नको होतं, म्हणून ती घाईनं निघाली.

म्हणजे तिचा नवरा, सत्यम. गाढवावर माणूस बसलाही होता, आणि सावित्रीबाईंच्या दारात कुणी चौकशीलासुद्धा आलं नव्हतं.

त्या आत गेल्या. कणगीपुढं थांबून म्हणाल्या, "बसा तसंच. आलेच मी." आणि मागच्या दारानं निघाल्या.

देवळाकडच्या कोपऱ्यावर गर्दी थांबली होती. गाढवावर सत्यम, गळ्यात चपलांची माळ, तोंडाला काजळी, डोळे मात्र खूश. सावित्रीबाई भिंतीच्या आडोशाला थांबल्या आणि हनुमानला हातानं बोलावलं. तो हलगीवाल्याला काहीतरी सांगून आला. निळ्या-लाल रंगानं माखलेला, पण त्यांच्यापुढं येताच त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"जीवन माझ्या कणगीत हाय," सावित्रीबाई म्हणाल्या.

जांभूळदऱ्यात आजवर कुठल्या सासूनं स्वतःच्या तोंडानं जावई धरून दिला नव्हता.

हनुमान हातातल्या रुमालाकडं बघत राहिला.

"ऐकू आलं का? कणगीत हाय. तुला ठावं हाय ती जागा. जा, काढ भायेर."

"ठावं हाय, काकू. सकाळी फाट्यावर बघितलं मी त्यांला."

"मग आला कावून न्हाईस?"

"एक जण मिळाला की..."

"मला शिकवतो का रं? दोन दोन बसलेले हायेत या गावात एका धुळवडीला. धारूरचा आन केजचा, एका गाढवावर. तूच बसवलेस."

हनुमाननं रुमालाचा पिळा केला. "काकांनी सांगितलंय," तो शेवटी म्हणाला. "आठ दिवस झाले. फाट्यावर येऊन बसलते. म्हनले, आमच्या दारावरून हलगी नेऊ नको. जीवन आला तरी त्याला हात लावू नको. त्या नावाचा पुकारा मला ऐकवणार न्हाई."

सावित्रीबाईंनी गर्दीकडं बघितलं. देवळाच्या पायरीवर अर्जुनराव उभे होते. हातात सत्यमसाठीचा नवा फेटा. दरसाल ते हे काम करत. गावात मानाचा फेटा त्यांच्याच हातून बांधला जाई. माणूस कठोर नव्हता. सावित्रीबाईंनी चाळीस वर्षं त्याचा हिशोब ठेवला होता, त्यात कठोरपणाच्या बाजूला काही नव्हतं. फक्त एक नाव त्याच्या घशात अडकलं होतं आणि ते काढायला गेलं तर काय काय बाहेर येईल याची त्याला भीती होती.

"त्यांचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू ये. मी म्हनते म्हनून ये."

"काकू." हनुमानचा आवाज खाली गेला. "काकांनी सांगितलं नसतं तरी मी आलो नसतो. कोपऱ्या-कोपऱ्यावर मलाच इचारावं लागतंय. कुणाचा जावई म्हनून. मी इचारलं आन गावानं त्या पोरीचं नाव घेतलं, तर पुढं काय करू मी? हलगीपुढं बघावं लागंल. तिथं ती नाचत असायची." त्यानं नाक पुसलं, तर गालावरचा निळा रंग मिशीत गेला. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तुमी बोला मला काय बोलायचं ते."

 सावित्रीबाईंकडं पंक्चरीच्या बुडबुड्यांचं वाक्य तसंच शिल्लक होतं, पण ते आता कुणाला ऐकवणार.

त्या परत फिरल्या. पाठीमागं हलगी थांबली. हनुमान ओरडला, "कुणाचा जावई?" त्याचा आवाज फाटला होता, पण ते सावित्रीबाईंनाच कळलं. आणि गाव ओरडलं, "शिवकन्येचा." नाव गेलं आणि डोंगराला लागून परत आलं.

घरात शिरल्या. धुरानं माजघर भरलं होतं.

"मामी," कणगीतून आवाज आला. "आलते का?"

कणगीच्या बांबूच्या विणीवर शेणाचं सारवण होतं, त्याला जागोजाग तडे गेले होते. एका तड्यातून पांढरा सदरा दिसत होता. सावित्रीबाई तिथंच उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की कुणी आलं नाही? की तुम्ही फाट्यावर सगळ्यांदेखत दिसलात आणि तरी गावाला तुमची आठवण काढवली नाही? हा माणूस आज इथून उठून धर्मापुरीचा जावई व्हायला जाणार. त्याच्या पाठीवर हे कशाला.

"आलते की," त्या म्हणाल्या. "दोनदा येऊन गेले. पाच-सहा जण व्हते. हनुमान तर कणगीपर्यंत आला. म्या म्हनलं, विंचू निघालाय, जवळ जाऊ नको. गेला पळून."

तड्यातला पांढरा सदरा हलला. 

मग झाकण सरकलं. जीवन बाहेर आला. केसांत जुन्या ज्वारीचा भुसा, सदऱ्यावर शेणाचे कपचे. त्यानं ते झटकले नाहीत.

"तुमी कावून परत लावलं त्यांला, मामी?"

"म्हंजी?"

"मी त्याच्यासाठीच आलतो." त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर सोपं गेलं असतं. "शेवटच्या साली ती मला या कणगीत घालताना म्हनली, पुढल्या धुळवडीला मीच धरून देनार तुमाला. मला सगळ्या गावानं माझं नाव घेतलेलं ऐकायचंय. मी म्हनलं, बरं. कबूल केलं व्हतं मी." त्यानं हाताच्या पालथ्यानं डोळ्यातला धूर पुसला. "आता पुढच्या साली मला कोन धरनार इथं. मला आपून होऊन सांगता येत न्हाई, मला धरा म्हनून. धरायला लागतंय कुणीतरी. म्हनून त्याला ठावं असलेल्या जागी लपलो. चपला भायेर ठेवल्या. आन ते दाराशी आलते आन तुमी..."

पुढचं त्यानं गिळलं. सासूला बोलायची त्याला सवय नव्हती.

सावित्रीबाईंनी त्याच्याकडं बघितलं. एक वाक्य बोललं असतं तर त्या सुटल्या असत्या. कुणी आलंच नव्हतं, बाबा. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जीवन उभा होता आणि ते सगळंच्या सगळं त्याच्यावर पडलं असतं. त्यांच्या हिशोबाला वेळ लागला नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमाला लपायचं असंल. तिची सवय. हात आपसूक गेला बघा."

"असू द्या, मामी."

"चुकलं."

"असू द्या."

त्यांनी त्याला पुरणपोळी वाढली, कालची, तव्यावर गरम करून. तो अर्धीच जेवला. त्याच्या पिशवीत त्यांनी सदऱ्या-पँटीचं कापड आणि फेटा ठेवला, वर खाऊन उरलेल्या पोळ्या. आलेल्या पाव्हण्याला टॉवेल-टोपी देतात. जावयाला पूर्ण आहेर असतो. जीवननं पिशवीत बघितलं आणि ती बंद केली.

चौसाळ्याला जाणारी जीप देवळापुढून सुटते. उन्हं कलली तेव्हा दोघं निघाले. सावित्रीबाई कधी जावयाला पोचवायला गेलेल्या नव्हत्या, आज गेल्या. देवळापुढं माणसं अंघोळी करून, तेल लावून बसली होती. सत्यम नव्या कपड्यांत, फेट्यात, कुणी हसलं की हसत होता. चपलांची माळ देवळाच्या कुडाला टांगलेली. गाढव लिंबाखाली उभं होतं, पुढं टाकलेला कडबा खात.

जीवन गाढवापाशी जरा थांबला. नुसता थांबला.

हनुमान उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून गेलं, "रामराम, पाव्हणं. कधी आलाव?"

शब्द बाहेर पडला आणि त्याला तो परत घेता येईना. ज्याला सकाळी फाट्यावर बघितलं, आणि सावित्रीबाईंच्या सांगण्यानुसार ज्याला हुडकायला दोनदा गेलो, त्या माणसाला असं विचारत नाहीत. आणि ज्या जावयाला धरायला गावात फिरलो त्याला धुळवडीच्या दिवशी "पाव्हणं" म्हणत नाहीत, शिव्या घालतात.

जीवननं हनुमानकडं बघितलं. मग वळून सावित्रीबाईंकडं. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या, मारत होत्या. फॅट लावणारा माणूस. दुधात पाणी किती हे त्याला नुसत्या रंगावरून कळे.

"सकाळीच आलतो की," जीवन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, एवढं मोठ्यानं तो कधी बोललेला कुणाला आठवत नव्हतं. "तुमी दोनदा दारात येऊन गेलाव. मामीनं परत लावलं तुमाला. विंचू म्हनली."

 हनुमाननं सावित्रीबाईंकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला. "लई हुडकलं. तुमची सासू लई पक्की, जावईबापू. कणगीत हात घालायचाच राहिला बघा."

"राहिला," जीवन म्हणाला.

पायरीवर अर्जुनराव बसले होते. ते उठले, दोन पायऱ्या उतरले. ओठ हलले. गाव त्यांच्याकडं बघत होतं, सावित्रीबाई बघत होत्या, आणि जीवन तर पुकाऱ्याची वाट बघावी तसा बघत होता. अर्जुनरावांनी जीवनच्या खांद्यावरचा ज्वारीचा भुसा झटकला. एकदा, दोनदा.

"जीप सुटंल," ते म्हणाले.

जीप सुटली. वळणावर सीताफळांच्या झुडपांआड गेली, मग तिची धूळ दिसली, मग तीही नाही.

संध्याकाळी अर्जुनराव जेवायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवला व्हता का तो?"

"जेवला," सावित्रीबाई म्हणाल्या. अर्धी पोळी त्यांनी हिशोबात धरली नाही.

दुसऱ्या दिवशी बायका हरभरा घेऊन ओट्यावर आल्या. हाताला, कानांमागं, केसांच्या भांगात अजून रंग. नेहमीप्रमाणं पुढच्या सालची मोजदाद सुरू झाली: कोण बसले, कोण बसायचे राहिले. सावित्रीबाई सांगत होत्या आणि बायका बोटं दुमडत होत्या. पाटोद्याचा राहिलाय, पन त्याचं पाठीचं दुखणं, त्याला गाढवाचीच दया येईल. गेवराईचा राहिलाय, तो होळी आली की तुळजापूरला पळतो, देवीसुद्धा कंटाळली आसंल. शिरूरचे दोघं कोयत्यावर, ते सापडायचे तर कारखान्यावरच गाढव न्यावं लागंल. बायका हसत होत्या.

मग सावित्रीबाई थांबल्या. एका बाईनं आपलं दुमडायचं बोट तसंच धरून ठेवलं, दुसरीनं सुपाकडं बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं आता कुणाचं नाव येतं, दरसाल त्याच जागी येतं, आणि आज ते सोडून पुढं जायला सगळ्या तयार होत्या.

"कड्याचा," सावित्रीबाई म्हणाल्या. सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला. "तेजश्रीचा. तो राहिलाय अजून. लई चपळ हाय, सापडतच न्हाई."

बोट दुमडायला शिवकन्येला वेळ लागला. पण तिनं दुमडलं.